दोन घरचा धूर

माझ्या लॅपटॉपच्या कीबोर्डवरची एक कळ गेल्या वर्षी निखळली. मी ज्या रचनेत मराठी लिहितो तिच्यात इंग्रजी ‘जे’च्या कळीवर ‘र’ बसतो, त्यामुळे ‘कार्बन’, ‘व्यापार’, ‘उत्सर्जन’ आणि खुद्द ‘धूर’ हे चारही शब्द एकाएकी माझ्या हाताबाहेर गेले. काही दिवस मी जुन्या मजकुरातला ‘र’ उचलून नव्या मजकुरात चिकटवत राहिलो आणि शेवटी कंटाळून त्या एका कळीची मागणी नोंदवली. दहा दिवसांनी ती दुसऱ्या खंडातून आली. अंगठ्याच्या नखाएवढी चौकोनी टोपी, तिच्याखाली कात्रीसारखी उघडझाप करणारी पांढरी बिजागरी आणि मधोमध बसणारा रबराचा बारीकसा घुमट. सगळे मिळून दोन ग्रॅमही भरले नसते. ते एका पिशवीत, पिशवी हवेच्या फुग्यांच्या वेष्टनात, ते वेष्टन खोक्यात, आणि खोक्यासकट वजन दोनशे ग्रॅम.

ते खोके कुठवर आले हे पाहण्याची सोय होती आणि मी ते रोज रात्री पाहत असे. गोदामातून निघाले, विमानात चढले, सीमाशुल्काची तपासणी झाली, अशा नोंदी मिनिटा-सेकंदांसह पडत होत्या. एवढा काटेकोर पाठपुरावा पाहून मलाही हिशेब मांडण्याची हुक्की आली. खोके साधारण आठ हजार किलोमीटर उडत आले असावे. एक टन माल विमानाने एक किलोमीटर नेला, की अर्धा किलो किंवा त्याहून काहीसा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मोठ्या जहाजाने नेला तर दहा-वीस ग्रॅम. म्हणजे माझ्या दोन ग्रॅमच्या कळीमागे किलोभर धूर झाला, आणि तीच कळ समुद्रातून वळसा घेत आली असती तर तीस-चाळीस ग्रॅमवर भागले असते. ‘धूर’ हा शब्द मी सोयीने वापरतो आहे, कारण हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. पण ‘उत्सर्जन’ म्हटले की मनासमोर काहीच उभे राहत नाही, आणि ‘धूर’ म्हटले की तो कोणाच्या चुलीतून निघाला असा प्रश्न निदान पडतो तरी.

स्वतःला फटके मारून घेण्याआधी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एका कळीपायी मी नवा लॅपटॉप घेतला असता, तर त्यामागचे उत्सर्जन दोनशे-तीनशे किलोच्या घरात गेले असते, आणि त्यातला बराच मोठा भाग मी तो पहिल्यांदा सुरू करण्याआधीच होऊन गेलेला असता. मोबाइलच्या बाबतीत हे प्रमाण आणखी ठळक आहे: त्याच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे ८० टक्के तो बनतानाच होते आणि पुढची सगळी वर्षे चार्जिंगला लावून आपण जी भर घालतो ती त्यापुढे किरकोळ असते. तेव्हा कळ मागवली यात माझी चूक झाली असे मला वाटत नाही. मला पडलेला प्रश्न निराळा होता. तो किलोभर धूर जगाच्या वहीत कोणाच्या नावावर पडला?

कोणाच्याच नाही, असे त्याचे उत्तर निघाले. १९९७ साली हवामानबदल रोखण्यासाठी क्योटो करार झाला तेव्हा प्रत्येक देशाने आपल्या हद्दीतल्या उत्सर्जनाचा हिशेब द्यावा असे ठरले. मात्र एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांनी आणि विमानांनी जाळलेले इंधन कोणाच्या पदरात घालायचे यावर एकमत होईना. माल पाठवणाऱ्याच्या, मागवणाऱ्याच्या, जहाजावर ज्याचा झेंडा त्याच्या, की जिथे इंधन भरले त्याच्या? अखेर ते राष्ट्रीय बेरजांतून वगळून वेगळे लिहायचे, आणि त्याची चिंता जहाजांपुरती आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने व विमानांपुरती नागरी विमान वाहतूक संघटनेने करायची, अशी विभागणी झाली. २०१५ च्या पॅरिस कराराच्या मजकुरात तर जहाजांचा आणि विमानांचा उल्लेखही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. दोन घरचा धूर मात्र उपाशी राहत नाही, तो दोन्हीकडे फुकट जेवतो. सागरी संघटनेच्याच पाहणीप्रमाणे २०१८ साली जहाजांचे एकूण उत्सर्जन १०० कोटी टनांहून अधिक होते, जगाच्या उत्सर्जनाच्या सुमारे २.९ टक्के. जहाजे हा एक देश मानला तर तो जपानच्या शेजारी बसेल. २०५० च्या सुमारास हा आकडा निव्वळ शून्यावर आणू असे या संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केले. पण त्यासाठी इंधनावर आकारायच्या शुल्काची चौकट ऑक्टोबर २०२५ मध्ये मतदानाला आली तेव्हा निर्णयच एक वर्ष पुढे ढकलला गेला. घोंगडे भिजत पडले आहे.

डिजिटल तंत्रज्ञान आणि आंतरराष्ट्रीय व्यापार हे आपण दोन वेगळे विषय समजतो, पण गेल्या पन्नास वर्षांत ते एकमेकांच्या खांद्यावर बसूनच वाढले. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रकवाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ पत्र्याच्या पेट्या चढवून ते नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. कंटेनरची गोष्ट इथून सांगण्याचा प्रघात आहे, आणि ती खोटी नाही. फक्त पेटी ही निम्मीच गोष्ट आहे. आज एकेका जहाजावर वीस-वीस हजार पेट्या मावतात. त्यातली कोणती आधी उतरायची, कोणती खाली ठेवली तर जहाजाचा तोल राहील, कोणतीत गोठवलेला माल आहे आणि कोणती कोणत्या आगगाडीवर चढायची, हे माणसाने कागदावर मांडायचे ठरवले तर जहाज बंदरातच म्हातारे होईल. संगणक आला म्हणून पेटी जगभर फिरू शकली. आणि पेटी फिरू लागली म्हणून संगणक स्वस्त झाला: १९९६ साली सिंगापूरमध्ये झालेल्या माहिती तंत्रज्ञान कराराने संगणक, चिपा आणि दूरसंचाराच्या सामानावरची आयातशुल्के टप्प्याटप्प्याने हटवली, आणि एकाच यंत्राचे भाग दहा देशांत बनवणे परवडू लागले.

उत्सर्जनाच्या दृष्टीने खरी मेख या विखुरण्यात आहे. चिपेचेच पाहा. सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो, अलीकडच्या चिपांसाठी हजारांहून अधिक, पायऱ्यांचे काम होते, त्याला तीनेक महिने लागतात, आणि त्यातल्या काही पायऱ्यांत असे वायू वापरले जातात की त्यांचा एक किलो हवेत निसटला तर त्याची उष्णता अडवण्याची क्षमता हजारो किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भरते. नायट्रोजन ट्रायफ्लुओराइडच्या बाबतीत ती शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १७ हजार पट आहे. जगातल्या सर्वांत प्रगत चिपा तैवानमध्ये बनतात, तिथल्या एका कंपनीलाच त्या बेटाच्या एकूण विजेपैकी आठ टक्क्यांच्या आसपास वीज लागते, आणि ती वीज बहुतांशी कोळसा व नैसर्गिक वायू जाळून येते. ज्याच्या खिशात ती चिप जाते त्याच्या देशाच्या अहवालात यातले काहीही उतरत नाही. डोळ्याआड सृष्टी म्हणतात ती अशी.

हद्दीप्रमाणे मोजायचे की वापराप्रमाणे, या एका प्रश्नाने देशांची पुण्याई कशी कमी-जास्त होते ते ब्रिटनच्या उदाहरणात चांगले दिसते. १९९० च्या तुलनेत ब्रिटनच्या हद्दीतले उत्सर्जन निम्म्याहून खाली आले आहे. बाहेरून आणलेल्या मालाबरोबर आलेले उत्सर्जन त्यात मिळवले, तर घट उरते, पण ती बरीच आखूड होते. यावरून ‘श्रीमंत देशांनी आपला धूर फक्त दुसऱ्याच्या अंगणात हलवला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मीही एकेकाळी तो तावातावाने मांडत असे, आणि आता तो मला अर्धाच खरा वाटतो. ज्या देशाने कोळशावरची वीज जगात सर्वांत आधी सुरू केली, त्याने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपले शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद केले. तो धूर कुठे हलला नाही, तो खरोखर थांबला. उलट, ११ डिसेंबर २००१ रोजी चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या उत्सर्जनाचा फार मोठा हिस्सा परक्या गिऱ्हाइकांसाठी बनणाऱ्या मालापोटी होऊ लागला, हेही खरे. या हस्तांतराचा जोर २००८ च्या मंदीपूर्वी सर्वाधिक होता आणि त्यानंतर तो ओसरत आला आहे. तरीही आजमितीला जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाचा माल एका देशात बनतो आणि दुसऱ्या देशात वापरला जातो.

आता डिजिटल तंत्रज्ञानाच्या बाजूने नेहमी केला जाणारा दावा घेऊ: माहिती मिळाली की उधळपट्टी थांबते. तत्त्वतः तो मला पटतो. पण समुद्रात तो कसा आपटतो हे एकदा बारकाईने पाहण्यासारखे आहे. जहाजाला पुढे ढकलायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग दहा टक्क्यांनी उतरवला तर इंजिनाची शक्ती २७ टक्क्यांनी कमी लागते, आणि प्रवास लांबला हे धरूनही त्या फेरीचे इंधन सुमारे १९ टक्क्यांनी वाचते. २००८ च्या मंदीत इंधनाचा खर्च सोसेना तेव्हा जहाज कंपन्यांनी हाच उपाय केला, वेग उतरवले. यात शोध काही लागलेला नव्हता. हे गणित खलाशांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होते.

असे असूनही आज असंख्य जहाजे पूर्ण वेगाने बंदर गाठतात आणि मग बाहेर नांगर टाकून दिवसचे दिवस उभी राहतात. धक्का मोकळा नाही हे त्यांना आधी कळत नाही असे नव्हे. उपग्रह आहेत, जहाजाची जागा दर काही क्षणांना कळवणारी यंत्रणा आहे, आणि बंदराचे वेळापत्रक संगणकावर असते. अडचण भाडेकरारात आहे. खुल्या बाजारात एका फेरीसाठी जहाज भाड्याने दिले जाते तेव्हा ते ‘शक्य तितक्या त्वरेने’ पोहोचवण्याची जबाबदारी मालकावर असते. एकदा जहाज पोहोचून ‘हजर आहे’ अशी सूचना दिली की माल उतरवण्याच्या मुदतीचे घड्याळ सुरू होते, आणि ती मुदत संपली की थांबण्याचे भाडे, म्हणजे डेमरेज, मालकाच्या खिशात पडू लागते. कप्तानाने शहाणपणाने वेग कमी केला तर इंधन वाचेल, पण रांगेतला नंबर जाईल, डेमरेज बुडेल आणि वर करारभंगाचा ठपका येईल. आधी धावायचे आणि मग ताटकळायचे, हा मूर्खपणा दिसतो. करारातल्या प्रत्येकाच्या दृष्टीने तो व्यवहार आहे. वेळेवर पोहोचण्यापुरताच वेग ठेवण्याची मुभा देणारी कलमे अलीकडे तयार झाली आहेत, आणि माझ्या मते जहाजांच्या बाबतीत नव्या कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा त्या दोन-तीन ओळींची किंमत मोठी आहे. पडद्यावर माहिती असणे आणि ती वापरण्यात कोणाचा तरी फायदा असणे, यात समुद्राएवढे अंतर आहे.

डेटा सेंटरांची, म्हणजे इंटरनेटवरचा मजकूर साठवून पुरवणाऱ्या संगणकांच्या (सर्व्हरांच्या) केंद्रांची, गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तिच्याविषयी लिहिणारे बहुधा एक तर घाबरवतात किंवा दिलासा देतात, आणि दोघांनाही आकडे सापडतात. काही वर्षांपूर्वी अर्धा तास व्हिडिओ पाहिला की मोटारीने सहा किलोमीटर गेल्याइतका, म्हणजे १.६ किलो, कार्बन होतो असा आकडा जगभर छापून आला. तपासणीत निघाले की हिशेबात बिट आणि बाइट यांची गल्लत झाली होती, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट असल्याने आकडा तिथेच आठपट फुगला होता. इतर गृहीतेही जुनी निघाली. नंतरच्या काटेकोर अंदाजांत तासाभराच्या व्हिडिओचा कार्बन काही दहा ग्रॅमांवर आला, आणि त्यातही मोठा वाटा दूरच्या सर्व्हरपेक्षा आपल्यासमोरच्या पडद्याचा. म्हणजे व्हिडिओ कमी पाहून पृथ्वी वाचवण्याचा संकल्प करणाऱ्याने टीव्ही जरा लहान घेतला तर अधिक साधेल.

दिलासा देणाऱ्यांचा आवडता आकडा २०१० ते २०१८ या काळाचा आहे. त्या आठ वर्षांत जगातल्या डेटा सेंटरांचे काम सुमारे साडेसहा पट झाले आणि त्यांची वीज मात्र सहाच टक्क्यांनी वाढली, कारण लहान-लहान, अर्धवट वापरल्या जाणाऱ्या खोल्या बंद पडून ते काम प्रचंड आणि काटकसरी केंद्रांत गेले. हे खरोखर थक्क करणारे यश होते. पण ती काटकसर एकदाच करता येण्याजोगी होती. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज घेतली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ओढीने २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल. जागतिक टक्केवारी लहान दिसते ती वाटून घेतल्यामुळे. जिथे ही केंद्रे दाटीने उभी आहेत तिथले चित्र पाहावे. आयर्लंडमध्ये २०१५ साली मोजलेल्या विजेपैकी पाच टक्के डेटा सेंटरांकडे जात होते, २०२३ मध्ये २१ टक्के, म्हणजे देशातल्या सगळ्या शहरी घरांना मिळून लागते त्याहून अधिक. ती केंद्रे सेवा मात्र साऱ्या जगाला देतात. कोणी कुठूनही काही शोधले, तरी धूर आयरिश खात्यावर. पेटीत भरून जाणाऱ्या मालाची जशी आयात-निर्यात, तशी ही ढगातून होणारी, आणि हिला सीमाशुल्काची चौकीही नाही: इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाणाऱ्या मजकुरावर शुल्क न लावण्याचा समझोता जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी १९९८ साली केला आणि तो पुढे वेळोवेळी वाढवला गेला.

वाफेचे इंजिन जितके कमी कोळशात चालू लागले तितका ब्रिटनचा एकूण कोळसा वाढत गेला, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स यांनी १८६५ साली दाखवून दिले होते. स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो, याला अर्थशास्त्र कशाला हवे! माझ्या खोक्याच्या सोबतीला त्या विमानात काय-काय असेल याची मला कल्पना येते, कारण २०२४ मध्ये एकट्या युरोपीय संघात दीडशे युरोंच्या आतली शुल्कमाफ पाकिटे ४६० कोटी आली, म्हणजे दिवसाला सव्वा कोटीच्या आसपास, आणि त्यातली दहापैकी नऊ चीनमधून. बोटाच्या एका टिचकीने मागणी नोंदवता येणे, पत्ता आपोआप भरला जाणे आणि सीमेवर शुल्क नसणे, या तिन्ही सोयी जुळल्या नसत्या तर एवढा माल हवेतून गेलाच नसता. कपाटात आधीच असलेल्या वस्तूच पुन्हा मागवून आपण किती टन विमानात चढवले, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि उत्तर शोधायचे टाळले.

जमेची बाजू लहान नाही. २०१० नंतरच्या दशकात सौर पॅनेलची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली, ती अनेक देशांच्या अनुदानांनी, एका देशाच्या अवाढव्य कारखानदारीने आणि तो माल जगभर पोचवणाऱ्या त्याच पेट्यांनी मिळून. पॅनेलच्या निर्मितीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे, आणि त्या कारखान्यांची वीज पुष्कळशी कोळशाची आहे. तरीही एखादे पॅनेल आपल्या निर्मितीत खर्च झालेली ऊर्जा एक-दोन वर्षांत परत करते आणि पुढे पंचवीस-तीस वर्षे चालते. व्यापार बंद करा म्हणणाऱ्यांनी या पेट्यांचे काय करायचे ते आधी सांगावे.

वहीत नाव लिहिण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न आज युरोपीय संघाच्या सीमेवर चालू आहे. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खत, हायड्रोजन आणि वीज या सहा गोष्टी आणणाऱ्यांनी त्या बनवताना किती कार्बन झाला ते कळवावे, असा नियम ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याला पैशांची जोड मिळाली. भारत आणि चीन यांचा त्याला विरोध आहे, आणि तो मला निव्वळ कांगावा वाटत नाही: दीडशे वर्षे धूर करून श्रीमंत झालेल्यांनी आता दारात तराजू मांडायचा आणि जमा झालेली रक्कम आपल्याच तिजोरीत ठेवायची, यात खोट आहे. मात्र तराजू मांडल्यावर जे घडते ते मोलाचे आहे. पोलादाच्या कारखान्याला आपली भट्टी, आपली वीज आणि आपला कोळसा टनामागे लिहून ठेवावा लागतो. फेब्रुवारी २०२७ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या विजेवरच्या मोटारींच्या आणि मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांवर एक क्यूआर कोड असेल, आणि त्यामागच्या नोंदीत ती बॅटरी बनतानाच्या कार्बनचाही आकडा असेल. डिजिटल तंत्रज्ञान धूर कमी करील का, हा प्रश्न मला आता फारसा छळत नाही. माझ्या खोक्याची जागा मिनिटागणिक सांगणारी यंत्रणा त्याचा धूर का सांगत नव्हती, हा छळतो, कारण मार्ग, वजन आणि विमान या तिन्ही गोष्टी तिला ठाऊक होत्या, आणि वाहतुकीतले उत्सर्जन कसे मोजावे याचे आंतरराष्ट्रीय मानकही मार्च २०२३ पासून तयार आहे.

कळ बसली. तिचा काळा रंग शेजारणींपेक्षा किंचित उजळ आहे आणि दाबताना ती बाकीच्यांहून थोडी कडक लागते. खोके मी टाकून दिले, पण त्यावरची सीमाशुल्काची चिठ्ठी काढून ठेवली. तिच्यावर वस्तूचे वर्णन, निव्वळ वजन, किंमत, कुठे बनली तो देश आणि वस्तूचा सहा आकडी संकेतांक, असे रकाने आहेत आणि सगळे नीट भरलेले आहेत. किलोभराचा तो हिशेब मी तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिला आहे.